गाणं कोणी निवडायचं

हे गेल्यावर घरात सगळ्यात आधी बंद झाली ती गाणी. तेरा दिवस टीव्ही-रेडिओ लावायचा नाही ही आपली पद्धतच, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण चौदाव्या दिवशीही कोणी बटण दाबलं नाही, आणि पुढेही नाही. ह्यांना गाण्याचं वेड होतं असं मी म्हणणार नाही. सुराचा तर पत्ताच नव्हता. दाढी करताना गुणगुणायचे, तेही शब्द नव्हेत, दोन कडव्यांमधलं म्युझिक. व्हायोलिनचा तुकडा तोंडाने वाजवायचे आणि कडवं सुरू होणार तेवढ्यात थांबून गालाला पाणी लावायचे. पोळ्या लाटता लाटता ते कडवं मी मनात पुरं करायची.

घरातली गाणी बंद करता येतात, बाहेरच्यांचं काय करणार? रिक्षात असतात, लिफ्टमध्ये असतात, वरातीत असतात. बसमध्ये कोणाचा फोन ह्यांच्याच रिंगटोनवर वाजला की माझा हात पर्सकडे जायचा. सगळ्यात छळ मोबाईलमधल्या गाण्यांच्या ॲपचा. खातं दोघांचं एकच, त्यामुळे ते इमानेइतबारे ह्यांच्या आवडीचं सुचवत राहिलं. मग वाटायचं, आपणच काहीतरी निवडून लावावं. पण काय? दुःखाचं लावलं तर मुद्दाम रडायला बसल्यासारखं, आनंदाचं लावलं तर आपलीच आपल्याला लाज. बोट वर-खाली फिरवायचं आणि फोन पालथा ठेवून द्यायचा.

आषाढीच्या आधी नणंदेचा फोन आला. "वहिनी, या वर्षी माझ्याबरोबर चला. घरी बसून काय करणार आहात?" ती दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होतं. मी पुण्याच्या मुक्कामात जाऊन मिळाले.

दिंडी म्हणजे नुसता घोळका नसतो, हे आत शिरल्यावर कळतं. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मग वीणेकरी, आणि त्यांच्या मागे आम्ही बायका, काहींच्या डोक्यावर तुळस. चालताना काय म्हणायचं हे तिथे कोणी ठरवत बसत नाही, ते ठरलेलं असतं. सकाळी रूपाचे अभंग, काकड्याचे, मग वासुदेव, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, दुपार कलली की हरिपाठ. भजनी मालिकाच आहे ती. तुमचे गुडघे दुखोत, तुमचा माणूस गेलेला असो, गौळणींची पाळी आली की गौळण.

पहिल्या दिवशी मला तिचीच धास्ती वाटली. कृष्णाच्या खोड्या, गोपींच्या तक्रारी, आणि ते मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण पुढच्यांनी चरण टाकला, तो मागे आला, आजूबाजूच्या बायांनी उचलला आणि माझेही ओठ हलले. कोणी वळून पाहिलं नाही. शेजारची बाई तर चपलेतला खडा काढत काढतच गात होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी न निवडता गात होते.

पुणे ते सासवड हा टप्पा मोठा, वर दिवेघाट. रथाला तिथे जादा बैलजोड्या लावतात. माणसांना कोण लावणार? चढणीवर माझा श्वास पुरेना, तेव्हा एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने आपले टाळ माझ्या हातात दिले. "माउली, गाऊ नका. नुसते वाजवा. हात मोकळे असले की मन भलतीकडे जातं." टाळ दिसायला तळहाताएवढे, पण चांगलेच जड. दोरी बोटांना गुंडाळायची, एक टाळ खाली धरायचा आणि दुसरा त्यावर जरा तिरका आणायचा. सरळ आपटला तर नाद दबतो. थोड्या वेळात तर्जनीला वळ उठला. मृदंगाच्या ठोक्याकडे लक्ष ठेवायचं, घाम डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही आणि पुढच्याच्या टाचेवर पाय पडू द्यायचा नाही, एवढं सगळं सांभाळताना मला ह्यांची आठवण यायला जागाच उरली नाही. माथ्यावर पोचल्यावर आली. तिथे बसून रडले.

सगळंच काही गोड नव्हतं. वाटेवरच्या स्वागतकमानींवर कर्णे लावतात आणि सिनेमाच्या चालीवरची भक्तिगीतं फुल आवाजात सोडतात. खाली हजार टाळ वाजत असताना कर्ण्याची गरज काय, हे मला आजही कळलेलं नाही.

जेजुरी सोडून वाल्ह्याकडे जाताना एका विसाव्याला नणंद पायाला तेल चोळत बसली होती आणि गुणगुणत होती. तोच व्हायोलिनचा तुकडा. आणि कडव्याच्या तोंडाशी तीही थांबली! मी म्हटलं, "हे तुम्ही कुठून उचललंत?" ती म्हणाली, "का? बाबा असंच करायचे. कडवं त्यांना कधी पाठच नव्हतं." इतकी वर्षं मी समजत होते की हे मुद्दाम थांबतात, मला पुढचं म्हणता यावं म्हणून. म्हणजे माणसाला कडवं येतच नव्हतं! आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या राहुटीतली माणसं बघायला लागली.

लोणंदच्या तळावर मी समाजआरती नीट पाहिली. पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या, टाळांचा कल्लोळ. चोपदार दंड उंचावतात आणि तो अफाट आवाज एकदम थांबतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. ती वाजवतच राहते, चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, मगच ते टाळ शांत होतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू आणि उद्या निघायची वेळ जाहीर होते. त्या संध्याकाळी एका कोपऱ्यातले टाळ बराच वेळ वाजत होते. गाऱ्हाणं काय होतं ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. पण लाखभर माणसं गप्प उभी राहून कोणाची तरी तक्रार संपायची वाट बघतात, हे मला फार बरं वाटलं. तेराव्यानंतर आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी लवकर गप्प व्हावं असंच वाटत होतं. चांगली माणसं होती ती, पण घाईत होती.

पुढे एका रात्रीच्या कीर्तनात बुवांनी नामदेवांचा विषय घेतला. शके 1218, म्हणजे 1296 साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत आणि कार्तिक वद्यात आळंदीला ते आजही म्हणतात. सातशे वर्षं त्या दुःखाला कोणी "आता पुरे" म्हटलेलं नाही. त्याची तिथी ठरली, चाल ठरली.

पंढरपुरात गर्दी अशी की आम्ही कळसाचं दर्शन घेतलं आणि परतलो.

घरी आल्यावर मी ते ॲप काढून टाकलं. स्वयंपाकघरात आता रेडिओ असतो, विविध भारती. ते लावतील ते ऐकायचं. परवा ह्यांचं एक लागलं, डोळे भरून आले, आणि पाठोपाठ असलं काही रटाळ लागलं की मी नाक मुरडलं. मुलगा आत येऊन म्हणाला, "आई, बदलू का?" मी म्हटलं, "हात लावू नकोस." जाहिराती लागल्या की मात्र मीच आवाज कमी करते.