मागचा आवाज

अमेरिकेतला कंट्री गायक क्रिस स्टेपलटन, त्याचा 'ट्रॅव्हलर' हा अल्बम लावला की आजकाल मला त्याच्याआधी त्याच्या बायकोचाच आवाज ऐकू येतो. म्हणजे गातो तोच, केंटकीचा दाढीवाला, हॅटवाला, हातात गिटार, आणि घसा असा की आतून काहीतरी खरवडून काढतोय वाटतं. पण ध्रुवपद आलं की त्याच्या किंचित मागे आणि सुरात जरा वर ती असते, मॉर्गेन, त्याची बायको. आपल्याकडे मैफलीत तंबोऱ्यावर बसलेली शिष्या मधेच हळूच आवाज मिसळते ना, तसं. नसती तर चाललं असतं असं वाटतं, आणि मग ती नसलेलं गाणं येतं तेव्हा कळतं.

हा अल्बम 2015 च्या मे महिन्यात आला. त्याआधी हा माणूस नॅशव्हिलमधे, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीत, दुसऱ्यांसाठी गाणी लिहायचा, केनी चेस्नी, जॉर्ज स्ट्रेट, ल्यूक ब्रायन, सगळी मोठी नावं, गाणी हिट व्हायची आणि लिहिणारा कोण ते फार कुणी विचारायचं नाही. मॉर्गेन पण गाणी लिहिणारीच, दोघं शेजारशेजारच्या पब्लिशिंग कंपन्यांत कामाला होते, तिथेच जमलं. 2013 मधे त्याचे वडील गेले, कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस. त्यानंतर हे नवरा-बायको विमानाने फिनिक्सला गेले आणि 1979 ची एक जुनी जीप घेऊन पार नॅशव्हिलपर्यंत चालवत आले. वाटेत न्यू मेक्सिकोमधे 'ट्रॅव्हलर' हे गाणं सुचलं. मला यातलं ते जीप चालवणंच जास्त आवडतं, दुःख झालं तर माणसं काय काय करतात, पण दीड-दोन हजार मैल खटारा हाकणं हे भारीच.

रेकॉर्डिंग बहुतेक नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मधे झालं, डेव्ह कॉब प्रोड्युसर. हीच इमारत 2014 मधे पाडायला निघाले होते, गावातल्या संगीतवाल्यांनी बोंब मारली म्हणून वाचली. वाद्यं मोजकी, एका खोलीत बसून वाजवल्यासारखी. हार्मोनिका कंट्रीतला बुजुर्ग गायक विली नेल्सन याच्या बँडमधल्या मिकी राफाएलची, आणि तीही जपून, उगाच मधे मधे नाही.

आणि मग ते 'टेनेसी व्हिस्की'. हे काही याचं गाणं नाही, जुन्या पिढीतल्या जॉर्ज जोन्स या कंट्री गायकाने 1983 मधेच गाजवलेलं, पण तिथे ते सरळ चालीत जातं. याने ते सावकाश सहाच्या ठेक्यात बसवलं, म्हणजे आपल्या कानाला चक्क संथ दादरा, आणि 'स्मूथ' या एका शब्दावर असा काही रेंगाळतो, वर जातो, घसरत खाली येतो की मींड म्हणावं का हरकत तेच कळेना. आमच्या घरात चहापलीकडे कुणी काही पीत नाही आणि मी या व्हिस्कीवर पोळ्या लाटते, एका आवर्तनात पोळी बरोब्बर गोल फिरते, करून बघा.

2015 च्याच नोव्हेंबरमधे सीएमए अवॉर्ड्सच्या, म्हणजे कंट्री संगीताच्या मोठ्या बक्षीस समारंभाच्या, स्टेजवर हे गाणं स्टेपलटनने पॉपस्टार जस्टिन टिंबरलेकबरोबर गायलं आणि एका रात्रीत चित्र पालटलं. अल्बम, गायक आणि नवा कलाकार, तिन्ही बक्षिसं यालाच. सदतिसाव्या वर्षी नवा कलाकार! मे मधे चौदाव्या नंबरवर आलेला आणि नंतर बिलबोर्ड 200 मधून, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीतून, बाहेर पडलेला अल्बम थेट पहिल्या नंबरवर परत आला. पुढच्या वर्षी ग्रॅमी पण मिळाली. त्या रात्रीचा व्हिडिओ सगळे टिंबरलेकसाठी बघतात. मी मात्र मॉर्गेनकडे बघते, ती स्टेजवरच आहे, गातेय, आणि पुढे यायची जराही घाई नाही.

पाचवं गाणं 'व्हिस्की अँड यू'. इथे कुणीच नाही. नुसती गिटार आणि तो, तारेवरून बोट सरकल्याची कुईं पण ऐकू येते. हेच गाणं टिम मॅकग्रॉने 2007 मधे आधीच म्हटलेलं, तेही चांगलं आहे, पण हे जरा ऐकवत नाही, इतकं उघडं आहे. ध्रुवपदाला कान आपोआप तिचा आवाज शोधतात आणि ती येतच नाही. मग एक गाणं सोडून 'मोअर ऑफ यू' येतं, मँडोलिन वाजायला लागते आणि ती इतकी बरोबरीने गाते की परवा माझा नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला, अगं हे ड्युएट आहे का? नाव तर एकट्याचंच दिसतंय. म्हटलं आत बघ, मागे कोण गायलंय ते लिहिलेलं असतं. तर म्हणे आत म्हणजे कुठे, कॅसेट आहे का ती?