फिलीज, बुलपेन आणि अनुभवाचं कौतुक

फिलाडेल्फियात ऑक्टोबर उजाडला, म्हणजे बेसबॉलचा पोस्टसीझन (नियमित हंगामानंतरची बाद फेरी) आला, की ऑफिसात, किराण्याच्या रांगेत, अगदी कोजागिरीच्या दुधाभोवतीसुद्धा आमच्या फिलीज टीमची एकच चर्चा: शेवटच्या इनिंगला चेंडू कोणाच्या हातात द्यायचा? आणि कोणीतरी जाणत्या सुरात म्हणतंच, "अनुभवी माणूस पाहिजे. पोस्टसीझनचं प्रेशर वेगळं." सांगलीहून आमच्याकडे राहायला आलेले सासरेही याच पक्षाचे. बेसबॉलचे नियम त्यांना अर्धेच कळतात, मत मात्र पूर्ण असतं.

मला हे पटत नाही. विमा कंपनीत आकडे चाळून पोट भरते मी. दहा-बारा इनिंग बघून एखाद्याच्या काळजाची जात ठरवायची, हे माझ्याच्याने होत नाही.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी: सामना नऊ छोट्या इनिंगांचा. तो सुरू करणारा पिचर (चेंडू टाकणारा) दमला की बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, एकेक इनिंग टाकायला येतात ते रिलीव्हर. आघाडी सांभाळत सामना मिटवतो तो क्लोजर, आणि अशी सांभाळलेली आघाडी म्हणजे एक सेव्ह. रिलीव्हरचा अख्खा ऑक्टोबर दहा-बारा इनिंगांत आटोपतो, तोही टीम शेवटपर्यंत टिकली तर.

आता आमचा ब्रॅड लिज बघा. २००४ साली ह्यूस्टनकडून खेळताना त्याने पोस्टसीझनमध्ये १२ इनिंगांच्या वर पिचिंग केलं आणि जेमतेम एक रन दिली. म्हणजे अनुभव मिळाला, तोही उत्तम. पुढच्याच वर्षी ह्यूस्टन पहिल्यावहिल्या वर्ल्ड सिरीजपासून (अंतिम मालिकेपासून) एका स्ट्राइकवर, म्हणजे फक्त एक चेंडू चुकवण्यावर, असताना त्याच्या हातात चेंडू होता. सेंट लुइसच्या डेव्हिड एकस्टाइनने हिट मारली, जिम एडमंड्सला वॉक (फुकटचा बेस) गेला आणि अल्बर्ट पुहोल्सने चेंडू असा भिरकावला की स्टेडियमचा आवाजच बंद झाला. ह्यूस्टन तरीही पुढे गेलं, पण वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात याच लिजला शिकागोच्या स्कॉट पॉडसेडनिकने होम रन (बेसबॉलचा षटकार) मारून सामना संपवला. त्या नियमित हंगामात पॉडसेडनिकच्या नावावर एकही होम रन नव्हता!

अनुभवाच्या हिशोबाने हा माणूस संपायला हवा होता. २००८ मध्ये तो फिलीजकडे होता. नियमित हंगामात ४१ पैकी ४१ सेव्ह, पोस्टसीझनमध्ये ७ पैकी ७. वर्ल्ड सिरीज जिंकून देणाऱ्या शेवटच्या स्लायडरवर (वळत्या चेंडूवर) एरिक हिन्स्की चकला आणि लिज गुडघ्यांवर बसला, तो फोटो इथल्या निम्म्या बारमध्ये टांगलेला असेल. मग आता तर अनुभवाचा कळसच झाला ना? २००९ च्या हंगामात लिजने ११ सेव्ह घालवले, ०-८ असा रेकॉर्ड (एकही विजय नाही, आठ पराभव) आणि ईआरए, म्हणजे नऊ इनिंगांमागे पिचरच्या खात्यावरच्या रन, ७.२१. माणूस तोच. अनुभव दर वर्षी वाढतच होता.

"मग तो रिव्हेरा?" हा प्रश्न येतोच. यांकीजचा क्लोजर मारिआनो रिव्हेरा, पोस्टसीझनच्या १४१ इनिंग, ईआरए ०.७०. याच्यापुढे हात जोडायचे. पण तो अनुभवामुळे असा झाला, की असा होता म्हणून त्याला एवढा अनुभव मिळाला? पहिल्या दोन संधींत आपटलेल्या पिचरला तिसरी कोण देतो? फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ २००२ च्या सप्टेंबरमध्ये एंजल्सकडे आला, मोठ्या लीगमधल्या सहा इनिंगही पुऱ्या नव्हत्या, वय वीस. त्या ऑक्टोबरात पाच विजय त्याच्या नावावर लागले. सासऱ्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगं, ते नशीब." मी म्हटलं, "बाबा, मग २००७ चा जोगिंदर शर्मा?" यावर ते चहा करायला उठले.

माझ्या मते बघायच्या गोष्टी दोनच. हात किती ताजा आहे, आणि समोरच्या बॅटरांनी त्याला याच सिरीजमध्ये किती वेळा पाहिलंय. रिलीव्हरची सगळी गंमत अनोळखीपणात असते. सात सामन्यांच्या सिरीजमध्ये तेच बॅटर पुन्हा पुन्हा समोर आले की त्यांना चेंडू लवकर दिसायला लागतो.

२०२३ मध्ये ॲरिझोनाविरुद्धच्या सिरीजमध्ये आम्ही २-० पुढे होतो. क्रेग किंब्रल, चारशेहून जास्त सेव्ह, २०१८ चा वर्ल्ड सिरीज विजेता, अनुभवाची चालती-बोलती जाहिरात. तिसऱ्या सामन्यात केटेल मार्टेने त्याच्यावर हिट मारून सामना नेला. दुसऱ्याच रात्री ५-३ अशी आघाडी असताना आठव्या इनिंगला पुन्हा किंब्रल. ॲलेक थॉमसने होम रन मारून बरोबरी केली, ॲरिझोनाने ६-५ ने सामना घेतला आणि पुढे सातव्या सामन्यात, आमच्याच मैदानावर, सिरीजही घेतली. मॅनेजर (टीमचा मुख्य कोच) अनुभवी माणूसच का आणतो याचं उत्तर मला वाटतं सोपं आहे. किंब्रल हरला तर किंब्रलला शिव्या पडतात. नवखं पोरगं हरलं असतं तर मॅनेजरला.

ते नवखं पोरगंही होतंच टीममध्ये. ओरायन करकरिंग, २२ वर्षांचा, हंगामाची सुरुवात सिंगल-ए मधून (खालच्या पायरीच्या लीगमधून) केलेला आणि सप्टेंबरअखेरीस फिलीजमध्ये. २०२५ पर्यंत तो तीन पोस्टसीझन पाहिलेला झाला होता. डॉजर्सविरुद्ध चौथा सामना, ११ वी इनिंग, बेसेस भरलेले, दोन आउट. अँडी पेजेसचा फटका सरपटत त्याच्याचकडे आला. पिच म्हणून त्या चेंडूने आपलं काम चोख केलं होतं. चेंडू हातातून निसटला, कॅचर रिअलम्यूटो पहिल्या बेसकडे बोट दाखवत होता (तिथे आउट झाला असता तर इनिंग संपली असती), आणि करकरिंगने फेकला होमकडे, तोही वाकडा. डॉजर्सची विजयी रन आली, हंगाम खलास. टीममधला निक कास्तेयानोस त्याच्याकडे धावला, ते मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निर्णय तयार: "अनुभव कमी पडला." तिसरा ऑक्टोबर होता हो त्याचा! पुढच्या वेळी सामना अडलेला असताना करकरिंगला आणायला माझी अजिबात हरकत नाही. फक्त आधीच्या दोन रात्री त्याने किती चेंडू टाकलेत तेवढं मला आधी सांगा.