नवतपा, आमरस आणि कूलरची टाकी

आमच्या जिन्याखाली एक जुना कूलर कितीतरी वर्षं नुसता पडून होता. मोटर जळालेली. बाकीचं भंगारात दिलं, खालची पत्र्याची टाकी तेवढी ठेवून घेतली. गंजून तळाला भोकं पडलेली टाकी कूलरला निकामी, पण गांडुळांना अगदी हवी तशी, कारण जास्तीचं पाणी साचत नाही, झिरपून जातं. कृषी विज्ञान केंद्रातून अर्धा किलो गांडुळं आणली. खाली वाळला पालापाचोळा, वर पंधरा-वीस दिवसांचं जुनं शेण, झाकायला ओलं पोतं.

सासूबाई वणीकडच्या, सगळा जन्म वावरात गेलेला. आल्या आल्या पोतं उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "गांडोयाईले घर बांधून देल्लं काय वं? वावरात तं आपोआप रायतात."

तेव्हा मी हसले. पण त्यांच्या वावरातली गांडुळं निराळी असतात. ती माती खातात, बिळं करतात आणि ऊन वाढलं की खोल जाऊन बसतात. खतासाठी विकत मिळतात ती लालसर, आयसेनिया फेटिडा, वरच्या थरात कुजकं खाऊन जगणारी. त्यांना खोल जायची सवय नाही, आणि जायचं म्हटलं तरी माझ्या टाकीत नऊ इंचांखाली पत्रा.

पहिले आठ महिने सुरळीत गेले. मग मे आला. नागपूरचा मे काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको, आणि २५ मेच्या सुमाराला नवतपा लागला की पारा ४५ च्या आसपास. मी दिवसातून चार वेळा पोतं भिजवत होते. नणंदेची मुलं सुट्टीला आलेली, रोज आमरस. साली आणि कोयी वाया कशाला घालवायच्या म्हणून दोन पेट्या आंब्यांचं सगळं टाकीत ओतलं. वरून शेजारच्या गोठ्यातलं ताजं शेणही. मला वाटलं, पाहुणे आलेत तर गांडुळांनाही मेजवानी.

तिसऱ्या दिवशी पोतं उचललं तर आंबूस वास. आत हात घातला तर पोळ्यांच्या डब्यात घातल्यासारखा गरम. काही गांडुळं पत्र्याच्या कडेनं वर चढून वाळून चिकटली होती, शेवयांसारखी. बाकीची दिसलीच नाहीत. मेलेलं गांडूळ फार दिवस उरत नाही, विरघळून जातं.

ज्याला त्याला मी सांगत सुटले की ऊन लागलं, पत्रा तापला. टाकी तशीच शेवग्याखाली ढकलून दिली आणि विषय सोडला.

जुलैत पाऊस झाल्यावर कुंड्यांसाठी म्हणून ती उपसायला घेतली. एका कोपऱ्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळट कोश, आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या दोऱ्यासारखी पिल्लं वळवळत होती. एकेका कोशातून दोन-चार निघतात. आणि तो कोपरा नेमका असा, जिथे मी आंबा टाकलाच नव्हता. ऊन तर सगळ्या टाकीला सारखंच होतं! म्हणजे ऊन बिचारं निर्दोष. गोड साली आणि ताजं शेण एका जागी ढीग करून पडलं की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात आणि ढीग आतून तापतो. पस्तीस अंशांच्या वर या गांडुळांचं काही खरं नसतं. ओलं पोतं मात्र आपलं काम चोख करत होतं. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि खालचं गार राहतं, कूलरची करामत तरी दुसरी काय असते?

आता टाकी नाही, भाजीचे दोन क्रेट आहेत, आतून पोत्याचं अस्तर लावलेले. विटांवर ठेवलेत आणि विटा पाण्याच्या थाळ्यांत, नाहीतर मुंग्या. ओला कचरा एक दिवस सुकवून मगच टाकते, एका वेळी मूठ-दोन मुठी, आणि आधीचं संपल्याशिवाय पुढचं नाही. आंब्याच्या साली वेगळ्या खड्ड्यात. संत्र्याच्या सालीही बंद, त्यातल्या तेलापासून गांडुळं लांब पळतात. नागपुरात राहून हे पाळणं सोपं नाही, पण त्या वाळवून उटण्यात घालते.

अडीच-तीन महिन्यांनी एका क्रेटमधून दोन घमेली खत निघतं. आधी चार दिवस पाणी बंद. मग प्लास्टिकवर ढीग करून उजेडात ठेवायचा. उजेड नको म्हणून गांडुळं तळाशी जातात, वरून चहाच्या भुकटीसारखं खत हलक्या हातानं काढून घ्यायचं. आमच्या अंगणातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चपलेला लाडूसारखी चिकटते. तीन घमेली मातीला एक घमेलं खत मिसळायला लागल्यापासून मोगऱ्याच्या कुंडीत खुरपं सहज शिरतं. नुसत्या खतात रोप लावायच्या फंदात पडू नये, मी एक मिरची घालवली आहे.

आता एक गंमत. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे कात्रणांना तोटा नाही. सुती अस्तराचे तुकडे भिजवून क्रेटमध्ये टाकते. तीन महिन्यांत कापड नाहीसं होतं, पण शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा, तो गांडुळांच्या बापालाही पचत नाही. खत चाळताना चाळणीत अख्ख्या शिलाया मिळतात, मधलं कापड गायब. मागच्या वेळी एक पूर्ण बाही मिळाली, म्हणजे बाहीची नुसती शिवण, गोल, उसवून पुन्हा दोनदा मारलेली. कोणाच्या ब्लाउजची ते मी लगेच ओळखलं. सांगणार नाही, त्या बाई अजून माझ्याकडेच शिवतात.