दिल्लीची सहल आणि २६ अलीपूर रोड

डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा, करोल बाग

पोरं झोपली एकदाची. मुलींच्या खोलीतून अजून खुसुखुसू चाललंय पण मी आता उठत नाही, पायांचे तुकडे पडलेत. सोलापूरहून कर्नाटका एक्स्प्रेसने निघालो तेव्हा नववीच्या या पोरांना दिल्ली म्हणजे २६ जानेवारीला टीव्हीवर दिसते तेवढीच माहीत होती, आणि ट्रॅव्हल्सवाल्यांच्या यादीतही तेवढीच दिल्ली होती.

सकाळी इंडिया गेट. धुकं एवढं की ४२ मीटर उंच कमान अगदी जवळ जाईपर्यंत दिसेचना. फोटो, ग्रुप फोटो, परत फोटो. कमानीवर सैनिकांची नावं कोरलीत पण ती लांबून पोरांना वाचताच येईनात. शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मात्र त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर नावं अगदी डोळ्यासमोर येतात. "मॅडम, मराठा लाइट इन्फंट्री!" एकजण ओरडला आणि मग काय, प्रत्येकजण शिंदे, पवार, जाधव शोधत सुटला, तिथून कुणाचा पाय निघेना.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासपाशी सगळ्यांना वर बघायला सांगितलं. तिथलं छत चांदीचं होतं, १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या खर्चाला पैसा नव्हता म्हणून ती चांदी उतरवून वितळवली, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं, तेही इथून शंभर किलोमीटरच्या आतच. मागून एक मुलगी म्हणाली, "एवढी चांदी काढून पण उपाशीच लढले?" पानिपतचा धडा मी इतकी वर्षं शिकवतेय, वर्गात हा प्रश्न कधी आला नव्हता.

पण आजचा दिवस खरा २६ अलीपूर रोडचा. हे ठिकाण यादीत नव्हतंच, मी हट्टाने घालायला लावलं. महापरिनिर्वाण दिन म्हटलं की आमच्या पोरांना दादर, चैत्यभूमी, गावातून मुंबईला निघणारी गर्दी एवढंच माहीत, त्यामुळे बऱ्याचजणांना वाटायचं बाबासाहेब मुंबईतच गेले. इथे येऊन कळलं की मंत्रिपद सोडल्यावर ते या पत्त्यावर राहायचे, ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेवर काम करत होते आणि झोपेतच गेले. मग पार्थिव विमानाने मुंबईला नेलं आणि ७ तारखेला दादरला अंत्यसंस्कार झाले. जुना बंगला आता नाही. त्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत आहे, २०१८ ला उद्घाटन झालेली, संविधानाचं पुस्तक म्हणून तसा आकार.

एक मुलगा, एरवी वर्गात तोंड उघडत नाही, त्याने तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी दरवर्षी दादरला जाते. तो सगळं फिरवून फिरवून दाखवत होता आणि आजी तिकडून म्हणत होती, "थांब रे, नीट धर, मला वाचू दे." बसवाले हॉर्न मारत होते, मारू दे म्हटलं. त्या आजीला अक्षर न् अक्षर वाचू दिलं आम्ही, बाकीची पोरं पण भोवती उभी राहिली, एकाने तर फोनला पॉवर बँक लावून दिली.

महाराष्ट्रातल्या शाळा एवढ्या लांब येतात, राष्ट्रपती भवनाचं गेट बाहेरून बघतात, शॉपिंग करतात आणि परत जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. सहल काढणाऱ्या सर-मॅडमनी हा पत्ता आधीच लिहून घ्यावा, नंतर घालू म्हटलं की राहतोच.

उद्या सकाळी आधी गांधी स्मृती, ३० जानेवारी १९४८ ला बापू प्रार्थनेला जिथून चालत गेले त्या वाटेवर पावलं उमटवून ठेवलीत, ती पोरांना सावकाश चालत दाखवायचीत. मग कुतुबमिनार. सरोजिनी मार्केट वेळ उरला तर, मुलींना तसं सांगून ठेवलंय.