बारीक सुई, बारीक दोरा: माझ्या रायडिंग ग्लोव्हजची दुरुस्ती

बाईकचे ग्लोव्हज झिजतात ते ठरलेल्या जागी. उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, कारण रेस देताना मूठ तिथेच घासते. डाव्या हाताला क्लच ओढणाऱ्या बोटांची टोकं, आणि हॉर्न-इंडिकेटर दाबणारा अंगठा. मग मनगटावरचा वेल्क्रो. माझ्या जोडीत हे सगळं झालं होतंच, वर उजव्या करंगळीची शिवण उसवून आतलं अस्तर बाहेर डोकावत होतं.

‘नवीन घे की’ असं घरातल्या प्रत्येकाने सांगून झालं. पण बाईक चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. दुकानात स्मॉल म्हणून जे मिळतं ते बहुतेक पुरुषांच्या हाताच्या मापाने कापलेलं असतं. तळहाताला बसलं तर बोटं लांब, टोकाला चामड्याची मोकळी पिशवी लोंबते. त्या पिशवीसकट ब्रेकचा लिव्हर धरायचा म्हणजे वैताग. ही जोडी शेळीच्या चामड्याची, बोटांना नेमकी बसणारी, वापरून वापरून माझ्या मुठीचा बाक घेतलेली. ते मॉडेल आता बाजारात येत नाही. तेव्हा दुरुस्ती, दुसरा मार्गच नव्हता.

मी कोल्हापूरची, त्यामुळे चामड्याला हात लावणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. पण इथे एक गोम आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल, हिरडा असल्या वनस्पतींनी कमावलेलं असतं. जाड, टणक, आणि भिजून वाळलं की आणखी कडक. ग्लोव्हजचं चामडं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं, कापडासारखं वळणारं. म्हणजे चप्पल लाईनमधून, इथल्या चपलांच्या बाजारातून एखादा तुकडा आणून ठिगळ लावावं, तर ते दोन पावसांत पापडासारखं ताठ होणार. चामड्याच्या गावात राहून ग्लोव्हजपुरतं चामडं नाही, अशी गत.

आधी धुणं. मळलेल्या चामड्यावर गोंद धरत नाही, आणि घामाचं मीठ शिवणीत बसलेलं असेल तर दोरा कशाने खराब झाला तेही कळत नाही. ग्लोव्हज हातात घालूनच कोमट पाण्याखाली धरले, लहान मुलांच्या शाम्पूचे थेंब टाकून हात धुतल्यासारखे चोळले. पाणी आधी काळं, मग चहाच्या रंगाचं, मग जरा बरं. पिळायचे नाहीत. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत पंख्याखाली ठेवायचे. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही चामड्याला आखडवतात. अर्धवट ओले असताना थोडा वेळ हातात घालून मूठ वळून बसले, म्हणजे आकार जात नाही. नखं मात्र नंतर बरेच दिवस काळी राहिली. ऑफिसात कुणी विचारलं तर ‘मेंदीचा नवा प्रकार’ म्हणून सांगत होते.

वाळल्यावर खरी तपासणी. करंगळीचं चामडं शाबूत होतं, फक्त दोरा गेला होता. बेचक्यातलं चामडं मात्र झिजून इतकं पातळ झालं होतं, की उजेडासमोर ताणून धरलं तर बारीक टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चमकत होते. या दोन्हींमध्ये फार फरक आहे. उसवलेली शिवण पुन्हा पहिल्यासारखी करता येते. झिजलेलं चामडं परत येत नाही, त्याच्यावर पांघरूण घालता येतं इतकंच.

आमच्या कोपऱ्यावर गटई कामाचा पत्र्याचा स्टॉल आहे. तिथले काका माझे बूट नेहमी शिवून देतात. ग्लोव्हज पुढे ठेवल्यावर त्यांनी आधी आतबाहेर हात फिरवला, बोटांच्या मधल्या पट्ट्या चिमटीत धरून बघितल्या आणि बाजूला ठेवून दिले.

“ताई, ह्ये पायताण न्हवं. आमचा दोरा हितं चालत न्हाई. फाटंल.”

कारण त्यांनीच समजावलं. बुटाचा दोरा जाड, त्याला आरीने मोठं भोक पाडावं लागतं. बुटाच्या जाड चामड्याला त्याचं काही वाटत नाही. ग्लोव्हजला तशी भोकं ओळीने पाडली की त्याच ओळीवर चामडं टरकतं. “जुन्या भोकातनंच सुई घाला, नवं भोक पाडू नगा,” एवढं त्यांनी दोनदा बजावलं. बोटाच्या आत त्यांचं मशीन शिरणार नव्हतं, म्हणून करंगळी माझ्या वाट्याला आली. ठिगळाचं काम त्यांनी घेतलं, पण ‘चामडं तुम्ही आणा’ या अटीवर.

दोरा मिळाला गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे. नायलॉनही होता, पण मी पॉलिएस्टर घेतला. दोन्ही मजबूतच, पण नायलॉन उन्हाने लवकर कमजोर होतो, आणि माझे ग्लोव्हज दिवसभर आरशाला अडकवलेले असतात. सुती दोरा तर विचारातही घेऊ नये, घामाने कुजतो. सुया दोन घेतल्या, बोथट टोकाच्या. चामड्याची म्हणून जी तिधारी सुई मिळते ती चामडं कापत जाते. नवीन कामाला ती उत्तम, पण जुन्या भोकातून जाताना कडा कापून भोक मोठं करते.

पहिली अडचण म्हणजे बोट पोकळ. वरून सुई घातली की ती खालचं चामडंही पकडते आणि बोटाचं तोंडच शिवलं जातं. म्हणून आत एक जाड मार्कर पेन सरकवलं. मग दोऱ्याला मेण लावून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवली. एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सुटत जातात. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. उसवलेल्या जागेच्या अलीकडे तीन-चार धड टाक्यांवरूनच सुरुवात केली आणि पलीकडेही तितकीच पुढे नेली. प्रत्येक टाका सारख्या जोराने ओढायचा, चामड्याला सुरकुती पडायला लागली की थांबायचं.

गाठ मारायची नाही. बोटाच्या आत गाठ राहिली की तासाभरात ती खड्यासारखी टोचते. शेवटी दोन टाके मागे येऊन दोरा कापला, मिलिमीटरभर टोक ठेवून त्याला लायटर नुसता दाखवला आणि वितळलेलं टोक चमच्याच्या पाठीने दाबलं. ज्योत चामड्याला लागू द्यायची नाही, चामडं जागच्या जागी आकसतं. एका करंगळीला अख्खी दुपार गेली, पण आता ती शिवण बाकीच्यांपेक्षा घट्ट आहे.

ठिगळासाठी चामडं शेवटी घरातच सापडलं. बहिणीची जुनी पर्स, चेन गेलेली. ती खऱ्या चामड्याची आहे का हे बघायला झाकणाची कड कापली. रेक्झिन असतं तर मागे कापडाची जाळी दिसली असती. इथे कापलेल्या कडेत मधोमध निळसर-करडी रेघ दिसली, म्हणजे क्रोमचं चामडं. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

काकांनी त्यातून लांबट अंडाकृती तुकडा कापला. कोपरे ठेवले की तिथून उचकटतं. मग रापी, म्हणजे चामडं तासायची धारदार पाती घेऊन त्याच्या कडा आतल्या बाजूने इतक्या पातळ केल्या, की बोट फिरवलं तर ठिगळ कुठे सुरू होतं ते कळेना. हे काम बघण्यासारखं होतं. तुकडा दगडावर पालथा, रापी जवळजवळ आडवी, आणि पुढे ढकलली की भुशासारखा पातळ काप निघायचा. हे मला घरी जमलं नसतं.

चिकटवताना त्यांनी मला ग्लोव्ह घालायला लावला आणि मूठ अर्धी वळवून ठेवायला सांगितली. सपाट हातावर लावलं तर मूठ वळताच चुण्या पडतात, आणि घट्ट मुठीवर लावलं तर हात उघडताना ओढतं. रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावला, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू दिला, मग एकदाच दाबला. फेविक्विकसारखं काही लावू नका, ते काचेसारखं कडक होतं आणि वळणाच्या जागी तडकतं. वरून कडेने एक शिवण, लांब हाताच्या मशीनवर, माझ्याच दोऱ्याने.

तळहाताच्या बुडाशी जी प्लास्टिकची वाटी असते तिला आम्ही हात लावला नाही. पडताना माणूस हात टेकतो, तळवा रस्त्यावर अडकतो आणि मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडतं. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळायला वेळ लागतो. ती वाटी घसरावी म्हणूनच दिलेली असते, तिच्यावर चामडं चढवलं तर ती घसरणार नाही.

वेल्क्रोचं काम सोपं. आकड्यांच्या बाजूत अडकलेले धागे टाचणीने उपसले, मऊ बाजू पार पिसाटलेली होती ती काढून नवी शिवली. शिलाईच्या सामानाच्या दुकानात तो मीटरवर मिळतो. मागे गोंद असलेला घेऊ नका. मनगटाची पट्टी सुटली तर ग्लोव्ह हातातून निसटतो, मग बाकी सगळं असून नसल्यासारखं.

आता हे ग्लोव्हज मी कुठे घालते? गावात, आणि रविवारी पन्हाळ्यापर्यंत. आंबोली किंवा पुण्याचा हायवे असेल तर नवी जोडी, भले तिची बोटं लांब असोत. युरोपच्या ईएन 13594 या मानकात तळहाताचं चामडं फिरत्या खरखरीत पट्ट्यावर घासून बघतात. पहिल्या पातळीला ते 4 सेकंद टिकावं लागतं, दुसऱ्या पातळीला 8. पर्सच्या झाकणाची अशी परीक्षा कुणी घेतलेली नाही, म्हणून मीही घेणार नाही.

उजव्या अनामिकेचं अस्तर अजून ओल्या हाताबरोबर बाहेर येतं. टोकाला गोंदाचा थेंब लावता येईल म्हणतात, पण बोटाच्या शेंड्याला कडक गोळा नको म्हणून ते तसंच ठेवलंय. मनगटाकडून न ओढता एकेक बोटाचं टोक धरून काढलं की जागेवर राहतं. पावसाळ्यात मात्र पेन्सिलच्या मागच्या टोकाने ते रोज आत ढकलावं लागतं, आणि मागे सिग्नलला उभे असलेले लोक हॉर्न वाजवतात.