जुनं पीएचपी काढायची घाई नको

‘सर्व्हरवर पीएचपी ७.४ आहे, ८.३ वर जायचंय. साइट बंद न पाडता कसं जायचं?’ हे मला वरचेवर विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पीएचपी ही साइटचा कोड लिहायची भाषा, ७.४ आणि ८.३ या तिच्या आवृत्त्या. जायला तर हवंच. ७.४ ला पीएचपीच्या टीमकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं. पण जुनं उखडून त्याच जागी नवं टाकू नका. डेबियन-उबुंटू या लिनक्स सिस्टिमसाठी ओंद्रेई सुरी हे डेव्हलपर बनवतात ती पॅकेजेस वापरली, तर दोन्ही आवृत्त्या एकाच सर्व्हरवर सुखाने नांदतात. दोघींचं एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारी सेवा) वेगळं, सॉकेटही (वेबसर्व्हर त्या सेवेशी जिथून बोलतो ती जागा) वेगळं. इंजिनएक्स या वेबसर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सॉकेटची ओळ बदलून रीलोड केलं, की ती साइट नव्यावर जाते. बिनसलं तर तीच ओळ पूर्ववत करायची. स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची त्या क्षणाची पूर्ण प्रत, जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो परत लावला की मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरी जातात.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय. ८.३ चं सीएलआय (कमांड लाइनवरून चालणारं पीएचपी) बसवलं, की नुसती ‘पीएचपी’ ही कमांड सहसा आपोआप नव्या आवृत्तीकडे वळते. म्हणजे साइट अजून ७.४ वर, आणि रात्रीची कामं मात्र ८.३ वर! म्हणून बसवण्याआधीच क्रॉनटॅबमध्ये (त्या कामांच्या यादीत) पीएचपीचा आवृत्तीसकट पूर्ण पाथ लिहा. एमबीस्ट्रिंग, कर्ल वगैरे एक्स्टेन्शन्स (पीएचपीची जोड-पॅकेजेस) ८.३ साठी वेगळी घ्यावी लागतात. पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइलही नवी कोरी असते, त्यामुळे अपलोडची मर्यादा पुन्हा २ एमबी होते.

आता कोड. ‘ईच’, ‘क्रिएट_फंक्शन’ ही ८.० मध्ये काढून टाकलेली फंक्शन्स पीएचपीकम्पॅटिबिलिटी हे टूल शोधून देतं, आणि सुटलीच तर लॉगमध्ये एरर दिसते. मला खरी धास्ती वाटते ती एरर न देता बदलणाऱ्या गोष्टींची. ७.४ मध्ये शून्य हा आकडा आणि रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडल्या तर उत्तर ‘खरं’ यायचं, ८.० पासून ‘खोटं’ येतं. शिल्लक शून्य असलेली वस्तू ‘रिकामी’ समजून वगळणारा कोड आता तिला बिनबोभाट पुढे जाऊ देईल. हे कुठलंही टूल खात्रीने पकडत नाही. खऱ्या डेटाची प्रत स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) घेऊन बिलं, सवलती, साठा यांचे आकडे दोन्ही आवृत्त्यांवर काढा आणि ताडून बघा. वेळ इथेच घालवा.

मग कमी वर्दळीची साइट आधी हलवा, बाकीच्या एकेक करून. ७.४ काढायचं ते महिनाअखेरची सगळी कामं नव्या आवृत्तीवर एकदा पार पडल्यावरच.