पिग्मीच्या टायमालाच डेटाबेस का मरायचा

गेल्या मार्च एंडला सलग तीन दिवस संध्याकाळी साडेसहा ते सातच्या मधे आमचा डेटाबेस आपोआप बंद पडून परत चालू व्हायला लागला. मी ज्या क्रेडिट सोसायटीचा सर्व्हर बघतो तिथं हीच वेळ सगळ्यात वाईट, कारण त्याच वेळी पिग्मी, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत, गोळा करणारे एजंट दिवसभराची वसुली घेऊन येतात. शहापूर, वडगाव, अनगोळ, खडेबाजार असं फिरून आलेली माणसं, हातात ती छोटी मशीन, खिशात रोख, आणि मशीनमधला डेटा सर्व्हरवर चढल्याशिवाय कॅशियर पैसे घेत नाही. पिग्मी आपल्याकडं किती मुरलीय ते नव्यानं सांगायला नको, १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं, तेव्हा बँकेचं नाव वेगळं होतं, सुरू केलेली ही पद्धत, खरं आज बेळगावात गल्लीतल्या भाजीवालीपासून उद्यमबागच्या वर्कशॉपवाल्यापर्यंत सगळ्यांचं खातं असतंय. त्या दिवसाच्या वसुलीतला एक जरी आकडा चुकला तरी कुणाचे तरी वीस-पन्नास रुपये अडकतात, म्हणून मला ह्या गोष्टीची झोप लागत नाही.

तिसऱ्या दिवशी एक वयस्क एजंट मामा काउंटरवरून आत आले. "काय रे, आज बी मशीन घेईना की." म्हटलं, "मामा, पाच मिनिटं थांबा की, बघालोय." तर म्हणाले, "पाच मिनिटं कालपण म्हटलास. बाहेर सात जण उभं हाईत बघ." त्यांचं बरोबर होतं, आणि मशीनच्या बारक्या स्क्रीनवर अपलोड त्र्याऐंशी टक्क्यांवर थांबलेलं मला दिसत होतं.

पहिल्या दिवशी मला वाटलं डिस्क गेली. दुसऱ्या दिवशी नेटवर्कवर संशय. तिसऱ्या दिवशी शांत बसून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग काढला, जर्नलसीटीएल हायफन के, आणि त्यात ओओएम शोधलं, तर सरळ लिहिलेलं, आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि पुढं आमच्या डेटाबेसचं नाव, पोस्टग्रेस. म्हणजे डेटाबेस स्वतः पडत नव्हता, सर्व्हरची मेमरी संपल्यावर कर्नलच त्याला मारत होता.

ह्या ओओएम किलरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बरेच जण इथंच चुकीच्या माणसाला धरतात. लिनक्स कर्नल प्रोग्रॅमनं मागितलेली मेमरी लगेच खरोखर देत नाही. आपल्या सोसायटीत कॅश क्रेडिटचं लिमिट मंजूर होतंय दहा लाखाचं आणि माणूस उचल करतोय तीन लाखाची, तसंच. मंजूर आकडा म्हणजे व्हर्च्युअल मेमरी, टॉप कमांडमधे व्हीआयआरटीखाली दिसते ती, आणि प्रत्यक्ष उचल म्हणजे आरईएस. सगळ्यांच्या मंजूर लिमिटची बेरीज तिजोरीतल्या रकमेपेक्षा जास्त असते आणि एरवी काही बिघडत नाही, कारण सगळे एकाच दिवशी पूर्ण उचल करत नाहीत. मार्च एंडला नेमकी सगळे करतात. मग तिजोरी रिकामी झाल्यावर कर्नलला कुणाला तरी मारून जागा करावी लागते, आणि तो प्रत्येक प्रोसेसला गुण देतो, मुख्यतः ज्याची उचल जास्त त्याला गुण जास्त. प्रॉक नावाच्या फोल्डरमधे त्या प्रोसेसच्या नंबरच्या फोल्डरमधे ओओएम स्कोअर नावाची फाइल असते, त्यात हा आकडा वाचता येतो.

आता गोम अशी, की त्या लॉगच्या ओळीत मेमरीचे वेगवेगळे आकडे होते. मेलेल्या पोस्टग्रेसचा अनॉन आरएसएस, म्हणजे त्याचा स्वतःचा खाजगी खर्च, चाळीस एमबीच्या आसपास. आणि शेमेम आरएसएस जवळजवळ चार जीबी! चार जीबी म्हणजे पोस्टग्रेसचं शेअर्ड बफर्स, जे सगळ्या प्रोसेसेसमधे सामाईक असतं. सामाईक विहीर प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर पूर्ण लावल्यासारखं झालं हे. कर्नलच्या हिशोबात तो बिचारा सगळ्यात मोठा खर्चिक दिसला, खरं त्या एकाला मारून मोकळी होते फक्त चाळीस एमबी. आणि पोस्टग्रेसचा नियम असा की एक जरी प्रोसेस असा मधेच मारला गेला तर सामाईक मेमरी बिघडली असेल ह्या भीतीनं मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शन तोडतो आणि रिकव्हरी करून नव्यानं उभा राहतो. म्हणून सगळ्या एजंटांचं अपलोड एकाच क्षणी तुटायचं.

मग खरा खाणारा कोण, तर रिपोर्ट. आमच्या सभासदांना वर्षअखेरचं स्टेटमेंट मराठीत किंवा कानडीत, ज्याला जे हवं त्यात मिळतं, आणि ह्या गोष्टीचा मला मनापासून अभिमान आहे. पूर्वी जी पीडीएफ लायब्ररी होती तिच्यात ज्योत्स्ना हे नाव फुटायचं, कानडीतली खालची ओत्ताक्षरं बाजूला पडायची, म्हाताऱ्या बायका स्वतःचं नाव वाचून हे माझं नव्हे म्हणून परत द्यायच्या. म्हणून लिबरऑफिस पडद्यामागं चालवून पीडीएफ करतो, अक्षरं अगदी बरोबर येतात. एकावेळी चार कामगार प्रोसेस चालतात, एरवी एकेकाला सहाशे-सातशे एमबी लागते. मार्च एंडला पूर्ण वर्षाच्या नोंदी, हजारो सभासद एकाच डॉक्युमेंटमधे, तर एकेक दोन जीबीच्या वर. चार दुणे आठ, पोस्टग्रेसचे साडेपाच, जावा ॲप्लिकेशनचे अडीच, झाले की सोळा, आणि सर्व्हर सोळा जीबीचाच.

मॅनेजर सरांनी लगेच विचारलं, रॅम वाढवूया का. मी नको म्हटलं. बत्तीस केले तरी पुढच्या वर्षी सभासद वाढणार आणि मार खाणारा परत पोस्टग्रेसच. मेमरी कमी पडल्यावर आधी कोण थांबणार हे आपणच ठरवून ठेवायला पाहिजे, कर्नलच्या अंदाजावर सोडायचं नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि आमच्याकडं त्याचं उत्तर स्वच्छ होतं: स्टेटमेंट उद्या मिळालं तर चालतंय, पिग्मीची नोंद आजच पाहिजे.

खरं लिमिट घालणं वाटतं तितकं सरळ नाही, मी दोनदा चुकलो ते सांगतो. आधी एटीसी सिक्युरिटीमधल्या लिमिट्स डॉट कॉन्फ फाइलमधे रिपोर्टच्या युजरला मेमरीची मर्यादा लिहिली, सर्व्हिस रिस्टार्ट केली, काहीच फरक नाही. ती फाइल लॉगिन सांभाळणारा पॅम वाचतो, म्हणजे माणूस लॉगिन करतो तेव्हा, सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टिमडीनं सुरू केलेल्या सर्व्हिसला ती लागूच होत नाही. मग सर्व्हिसच्या फाइलमधे लिमिट-एएस दोन जीबी टाकलं. तर लिबरऑफिस सुरू होतानाच कुठंतरी मरायला लागलं, कारण हे लिमिट मंजूर आकड्यावर लागतं, उचलीवर नाही, आणि आजकालचे प्रोग्रॅम लागेल न लागेल म्हणून भरपूर मंजूर करून ठेवतात. शिवाय ते एकेका प्रोसेसला वेगवेगळं लागतं, चार कामगार म्हणजे चारपट. उचलीवरचं आरएसएसचं जुनं लिमिट आहे म्हणून मॅन्युअलमधे दिसतं, खरं आजच्या लिनक्समधे त्याचा काहीही परिणाम होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

एकेका प्रोसेसला लिमिट घालायची ही युलिमिटची पद्धत १९८३ च्या ४.२ बीएसडीपासूनची, तेव्हा एक प्रोग्रॅम म्हणजे बहुधा एकच प्रोसेस. आपल्याला पाहिजे ते पूर्ण घराचं, म्हणजे सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेसेसचं मिळून लिमिट, आणि ते देतं कर्नलमधलं सीग्रुप. गुगलमधे पॉल मेनेज आणि रोहित सेठ ह्यांनी २००६ मधे हे काम सुरू केलं, जानेवारी २००८ ला २.६.२४ कर्नलमधे आलं, आणि मेमरी मोजणारा भाग बलबीर सिंग ह्यांचा, तो लगेच पुढच्या २.६.२५ मधे. आज उबुंटूच्या नव्या सर्व्हरवर सीग्रुपची दुसरी आवृत्ती आपोआप चालू असते आणि सिस्टिमडी प्रत्येक सर्व्हिसचा वेगळा ग्रुप करतोच, फक्त आकडा लिहायचा.

आकडा मात्र अंदाजानं लिहू नका. मी आधी दोन रात्री, सोसायटी बंद झाल्यावर, रिपोर्ट चालवून सीग्रुपच्या फोल्डरमधली मेमरी डॉट करंट फाइल दर पाच सेकंदांनी लिहून घेतली. मग सिस्टिमसीटीएल एडिट करून मेमरीहाय चार जीबी, मेमरीमॅक्स पाच जीबी, आणि स्वॅप, म्हणजे रॅम भरल्यावर डिस्कवर ढकलायची जागा, शून्य टाकलं. इथं मला चांगलाच धडा मिळाला. कर्नल मारतो ते मेमरीमॅक्सला, मेमरीहाय ओलांडल्यावर मारत नाही, तो त्या ग्रुपला हळू करतो आणि जागा परत मिळवायला बघतो. स्वॅपच शून्य केलेला, तर ढकलायला जागा कुठाय, चारही कामगार जिवंत खरं अर्धा तास एक पान पुढं सरकेना. मेलेही नाहीत, चाललेही नाहीत. ही अवस्था मरण्यापेक्षा वाईट, कारण लॉगमधे काही येतच नाही, बघणाऱ्याला वाटतंय काम चालू आहे.

शेवटी जे बसलं ते असं. कामगार चाराचे दोन केले. एका डॉक्युमेंटमधे दीडशेच सभासद, म्हणजे तुकडे पाडले, आणि खरं सांगायचं तर अर्धा आजार ह्या एका बदलानं गेला. हाय चार आणि मॅक्स पाच तसंच ठेवून स्वॅपला एक जीबी दिली. आणि एक गोष्ट जी लोक विसरतात, ग्रुपमधला एक प्रोसेस मेमरीपायी मेला की सिस्टिमडी नेहमीच्या सेटिंगमधे पूर्ण सर्व्हिसच थांबवतो, ओओएम पॉलिसी स्टॉप असते म्हणून. आमचा मुख्य रिपोर्ट प्रोसेस मेलेला तुकडा परत रांगेत लावतो, म्हणून मी ती कंटिन्यू केली. तुमच्या प्रोग्रॅमला असं सावरता येत नसेल तर स्टॉपच राहू दे, अर्धवट चाललेली सर्व्हिस नको.

ओव्हरकमिट, म्हणजे तिजोरीपेक्षा जास्त मंजूर करायची कर्नलची सवय, पूर्ण बंद करायचं, त्यासाठी व्हीएम ओव्हरकमिट मेमरी हे सेटिंग दोन करायचं, असाही सल्ला पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमधे आहे. एकट्या डेटाबेसची मशीन असेल तर जरूर करा. आमच्या एकाच मशीनवर जावा आणि लिबरऑफिस पण राहतात, त्यांचे मंजूर आकडे मोठे, तिजोरीत पैसे असूनही कर्नल नाही म्हणायला लागला असता, म्हणून मी तिकडं गेलो नाही. जावाला एक्सएमएक्स दोन जीबी दिलं म्हणून मेमरीमॅक्सही दोन जीबी ठेवू नका एवढं मात्र लक्षात ठेवा, ते दोन फक्त हीपचे, म्हणजे जावाच्या डेटाच्या जागेचे, थ्रेड आणि बाकीचा पसारा वेगळा असतो, आमच्याकडं तो सहाशे एमबीचा निघाला. डॉकरवाल्यांना कंटेनर १३७ नंबरनं बंद पडलेला दिसतो तोही बहुतेक वेळा हाच प्रकार, १२८ मधे मारून टाकायचा सिग्नल ९ मिळवला की १३७.

३१ मार्चला मी दुपारपासूनच तिथं बसून होतो. सहा वाजता मुद्दाम रिपोर्ट सुरू ठेवला, बंद करून परीक्षा पास होण्यात काय अर्थ. एका स्क्रीनवर ग्रुपवार मेमरी दाखवणारं सिस्टिमडी सीजीटॉप, दुसरीकडं कर्नलचा लॉग. पावणेसातला रिपोर्टचा ग्रुप पाचला टेकला आणि लॉगमधे ओळ आली, ह्यावेळी सुरुवातीला मेमरी सीग्रुप असं लिहिलेलं, आणि मेलेला लिबरऑफिसचा एक कामगार. मेमरी डॉट इव्हेंट्स फाइल उघडली, ओओएम किलपुढं आकडा एक. पोस्टग्रेसच्या लॉगमधे काही नाही. काउंटरवर मामांची मशीन लावलेली, त्र्याऐंशी टक्के, एक्याण्णव, आणि मग ती पावतीची पट्टी कर्रर्र करत बाहेर आली. मामांनी ती फाडून कॅशियर अक्कांच्या हातात दिली, नोटा मोजायला घेतल्या, आणि मागच्याला म्हणाले, "ये की पुढं."

मेलेला तुकडा सात वाजून दहा मिनिटांनी परत चालून पूर्ण झाला, दीडशे स्टेटमेंटं, त्यातली बरीच खानापूरकडच्या सभासदांची.